दोन दारांचा राउटर आणि व्हीपीएन : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकातील या सदरात एकाच फायरवॉल राउटरला दोन इंटरनेट जोडण्या कशा लावाव्यात, एक बंद पडल्यावर दुसरीने काम कसे हाती घ्यावे आणि दोन्हींवर भार कसा वाटावा, याविषयी लिहिले होते. त्यावर आलेली बहुतेक पत्रे व्हीपीएनविषयी, म्हणजे दूरची ठिकाणे इंटरनेटवरूनच पण खासगीपणे जोडण्याविषयी आहेत. तक्रारी निरनिराळ्या दिसतात, पण पत्रे ओळीने वाचत गेल्यावर बऱ्याच तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट असल्याचे ध्यानात आले. राउटरला दोन दारे असली तरी एका टनेलला, म्हणजे व्हीपीएनच्या दोन टोकांमधल्या बंदिस्त वाटेला, एकच दार हवे असते, आणि ज्या दाराने हाक आली त्याच दाराने उत्तर जावे लागते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरे पुढे देत आहे.

प्रश्न : आमच्या मुख्य कार्यालयात दोन जोडण्या असून राउटरवर लोड बॅलन्सिंग (दोन्हींवर भार वाटणे) चालू आहे. शाखेत एकच जोडणी आहे. दोन्ही ठिकाणांमध्ये आयपीसेक या व्हीपीएन पद्धतीचे टनेल उभारले आहे; ते कधी पहिल्याच प्रयत्नात जुळते, तर कधी दहा प्रयत्न करूनही जुळत नाही. गुप्त किल्ली आणि सर्व सेटिंग दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहेत. मग असे का व्हावे?

उत्तर : आपल्या पत्रातील ‘कधी जुळते, कधी जुळत नाही’ हे शब्द फार उपयोगाचे आहेत. किल्ली किंवा सेटिंग चुकली असती तर टनेल एकदाही जुळले नसते. जे अधूनमधून जुळते त्याची सेटिंग बरोबर आहे आणि वाट चुकते आहे, असे समजून शोध सुरू करावा.

आयपीसेकचे टनेल जुळताना दोन्ही टोकांचे राउटर आधी यूडीपी या प्रोटोकॉलच्या ५०० क्रमांकाच्या पोर्टवर (एका पत्त्यावरच्या क्रमांकित खिडकीवर) आयकेई नावाच्या पद्धतीने बोलणी करतात. वाटेत कोठे नॅट आहे, म्हणजे मधले एखादे उपकरण पत्ते बदलते आहे, असे त्यांना आढळले तर बोलणी ४५०० क्रमांकाच्या पोर्टवर सरकतात आणि पुढचा सगळा डेटाही त्याच पोर्टवरून जातो. नॅट नसेल तर डेटा ईएसपी या स्वतंत्र प्रोटोकॉलने जातो. त्याचा क्रमांक ५० असून त्याला पोर्ट हा प्रकारच नसतो. आपल्याला हे सारे एकच काम वाटते, परंतु लोड बॅलन्सरला ती दोन वेगळी संभाषणे दिसतात, आणि राउटरची स्वतःची वाहतूकही वाटणीत धरलेली असेल तर प्रत्येक नव्या संभाषणाला तो आपल्या हिशेबाने पहिली किंवा दुसरी जोडणी देऊन टाकतो. वेबसाइट पाहताना असे झाले तरी सहसा बिघडत नाही. शाखेच्या राउटरला मात्र बोलणी एका पत्त्यावरून आणि डेटा दुसऱ्याच पत्त्यावरून आलेला चालत नाही. तो कोणा तिऱ्हाइताचा समजून टाकून देतो.

याहून अधिक वेळा आढळणारा घोटाळा उलट दिशेचा आहे. समजा शाखेने मुख्य कार्यालयाच्या दुसऱ्या जोडणीच्या पत्त्यावर हाक दिली, पण मुख्य राउटरची डीफॉल्ट वाट पहिल्या जोडणीची असल्याने त्याने उत्तर पहिल्या जोडणीने धाडले. आता दोनपैकी एक गोष्ट घडते. उत्तरावर दुसऱ्या जोडणीचा पत्ता तसाच राहिला, तर पहिल्या जोडणीचा सेवा पुरवठादार तो पत्ता आपला नाही म्हणून पॅकेट, म्हणजे डेटाचा तो तुकडा, अडवतो. परके पत्ते लावलेली पॅकेटे उगमापाशीच अडवावीत अशी शिफारस २००० सालापासून आहे आणि पुष्कळ पुरवठादार ती पाळतात. उलट राउटरने बाहेर सोडताना पहिल्या जोडणीचा पत्ता लावला, तर शाखेने हाक एकाला दिली आणि ओ भलत्याने दिली असे होते. दोन्ही प्रसंगी शाखेच्या लॉगमध्ये उत्तर आले नाही आणि वेळ संपली, एवढीच नोंद उमटते, आणि माणसे तासन्‌तास किल्ली पुन्हा पुन्हा टाइप करत बसतात.

खात्री करून घेण्यासाठी राउटरमधील पॅकेट कॅप्चरची सोय वापरावी. दोन्ही जोडण्यांवर एकाच वेळी शाखेच्या पत्त्याची पॅकेटे पकडून पाहिली आणि एका जोडणीवर फक्त येणारी व दुसरीवर फक्त जाणारी दिसली की निदान झाले. त्यानंतर टनेलच्या सेटिंगमध्ये ‘कोणतीही जोडणी’ असा पर्याय निवडलेला असेल तर तो सोडून एक जोडणी ठरवून द्यावी, आणि स्थानिक ओळख म्हणून त्याच जोडणीचा पत्ता किंवा एखादे ठरावीक नाव लिहावे. शाखेच्या सार्वजनिक पत्त्याकडे जाणारी वाट त्याच जोडणीची असेल असा स्टॅटिक (हाताने ठरवून दिलेला) रूटही लिहावा. शिवाय बाहेरून विचारणा ज्या जोडणीने आली तिनेच उत्तर जावे, अशी सोय राउटरमध्ये आहे का ते पाहावे. लिनक्सवर चालणाऱ्या राउटरांत हे काम प्रत्येक संभाषणावर खूण करून साधले जाते, तर काही फायरवॉलमध्ये नियमातच ‘रिप्लाय-टू’ असा पर्याय असतो.

आणखी एक गोष्ट सहसा तळटीपेत दडलेली असते, म्हणून मुद्दाम वेगळी सांगतो. पॉलिसी रूटिंगचे, म्हणजे कोणती वाहतूक कोणत्या जोडणीने जावी हे ठरवणारे नियम बहुतेक राउटरांत नेहमीच्या रूटिंग टेबलाच्या (वाटांच्या तक्त्याच्या) आधी वाचले जातात. कार्यालयातील सर्व संगणकांची वाहतूक दोन्ही जोडण्यांवर वाटावी असा सरसकट नियम लिहिला, तर शाखेच्या अंतर्गत पत्त्याकडे निघालेले पॅकेटही त्यात सापडते आणि टनेलमध्ये न शिरता थेट इंटरनेटवर जाते, जेथे खासगी पत्त्याला कोणी विचारत नाही. म्हणून शाखेच्या सबनेटकडे, म्हणजे तिच्या अंतर्गत पत्त्यांच्या पट्ट्याकडे जाणारी वाहतूक वाटणीतून वगळणारा नियम त्या सरसकट नियमाच्या वर असलाच पाहिजे. टनेल उत्तम जुळलेले असताना शाखेचा सर्व्हर ‘कधी दिसतो, कधी दिसत नाही’ अशी तक्रार असेल, तर मी सर्वांत आधी येथेच पाहीन.

प्रश्न : पहिली जोडणी तुटली की आमचे इंटरनेट काही सेकंदांत दुसऱ्या जोडणीवर येते, पण टनेल बराच वेळ मेलेलेच राहते. कधी कधी तर राउटर बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय ते जुळतच नाही. हे टाळता येईल का?

उत्तर : येईल, पण त्यासाठी वेळ नेमका कोठे जातो ते समजून घ्यावे लागेल. जोडणी तुटल्याचे आपल्या राउटरला कळले तरी पलीकडच्या राउटरला ते आपोआप कळत नाही. त्याच्या दृष्टीने टनेल जिवंतच असते, आणि ठरलेली मुदत संपेपर्यंत तो त्या टनेलमध्ये पॅकेटे टाकत राहतो. ही मुदत पुष्कळ ठिकाणी पहिल्या टप्प्यासाठी (राउटरांची बोलणी) २८,८०० सेकंद म्हणजे आठ तास आणि दुसऱ्या टप्प्यासाठी (डेटाची वाहतूक) ३,६०० सेकंद म्हणजे एक तास अशी ठेवलेली असते. पलीकडचा जिवंत आहे का हे मधूनमधून विचारण्याची पद्धत म्हणजे डेड पीअर डिटेक्शन. तिचे वर्णन २००४ साली प्रसिद्ध झाले, आणि आयकेईच्या दुसऱ्या आवृत्तीत तशी विचारणा मुळातच अंतर्भूत आहे. ती दोन्ही टोकांवर चालू करावी. दर दहा सेकंदांनी विचारणा आणि तीन वेळा उत्तर न आल्यास टनेल मोडणे, असे ठेवले तर सुमारे अर्ध्या मिनिटात दोन्ही बाजूंना सत्य कळते.

त्यानंतर प्रश्न उरतो पत्त्याचा. पलीकडच्या राउटरमध्ये आपला फक्त पहिल्या जोडणीचा पत्ता लिहिलेला असेल, तर दुसऱ्या जोडणीवरून गेलेली हाक त्याला अनोळखीच वाटणार. पर्यायी पत्ता लिहिण्याची सोय असल्यास तो लिहावा. डायनॅमिक डीएनएसचे नाव, म्हणजे पत्ता बदलला की नव्या पत्त्याकडे वळणारे नाव, वापरणेही शक्य असते. मात्र नाव नव्या पत्त्याकडे वळायला वेळ लागतो, आणि काही राउटर नावाचा पत्ता टनेल सुरू करताना एकदाच विचारून ठेवतात व पुढे तोच धरून बसतात. केवळ नावावर विसंबून राहणे मला पसंत नाही.

राउटर बंद-चालू केल्यावर टनेल जुळते, याचे कारण बहुधा स्टेट टेबल हे आहे. चालू संभाषणांची नोंद फायरवॉल या तक्त्यात ठेवते. टनेलच्या बोलण्यांची जुनी नोंद पहिल्या जोडणीशी बांधलेली असते, आणि दोन्ही राउटर सतत प्रयत्न करत राहिल्याने ती नोंद जुनी होऊन पुसलीही जात नाही. राउटर बंद केल्यावर तक्ताच रिकामा होतो. जोडणी पडताच तिच्याशी बांधलेल्या नोंदी पुसाव्यात असा पर्याय असेल तर तो चालू करावा, म्हणजे बटण दाबायला कोणाला उठावे लागणार नाही.

याहून चांगली रचना म्हणजे टनेल तुटल्यावर नवे उभारण्याऐवजी दोन टनेल कायम उभी ठेवणे. दोन्ही ठिकाणी दोन-दोन जोडण्या असतील तर पहिलीचे पहिलीशी आणि दुसरीचे दुसरीशी अशी सरळ जोडी लावावी. एका ठिकाणची पहिली आणि दुसऱ्या ठिकाणची दुसरी जोडणी एकाच वेळी पडली, तर या रचनेत दोन्ही टनेल जातात. तो धोकाही नको असेल तर तिरपी धरून चार टनेल लागतात, आणि सांभाळायचा पसारा त्या मानाने वाढतो. लहान कार्यालयाला दोन पुरेशी आहेत, असे माझे मत आहे. पलीकडे जोडणी एकच असेल तर मात्र दोन्ही टनेल एकाच सार्वजनिक पत्त्याकडे जातात, आणि वर सांगितलेला स्टॅटिक रूट त्यांतील एकालाच उपयोगी पडतो. तेथे पाठवणाऱ्या पत्त्यावरून वाट ठरवणारा नियम हवा.

दोन टनेल उभी ठेवायची तर ती रूटवर आधारित असावीत. सबनेटच्या जोड्या लिहून उभारलेल्या जुन्या धाटणीच्या टनेलमध्ये त्याच दोन सबनेटची जोडी दुसऱ्यांदा लिहिली की कित्येक राउटर ती स्वीकारतच नाहीत, किंवा स्वीकारली तरी कोणते टनेल वापरायचे याचा गोंधळ होतो. रूटवर आधारित टनेल राउटरला एखाद्या आभासी केबलसारखे दिसते. त्यावरून जाणारा रूट लिहायचा, पहिल्याला प्राधान्य द्यायचे आणि दुसरा राखीव ठेवायचा. ठिकाणे तीन-चार झाली की हाताने रूट लिहिण्यापेक्षा ओएसपीएफसारखा रूटिंग प्रोटोकॉल टनेलमधून चालवावा. त्याची नेहमीची वेळ दर दहा सेकंदांनी हाक आणि चाळीस सेकंद उत्तर नसल्यास शेजारी मृत, अशी असते. ती कमीही करता येते.

पहिली जोडणी परत आल्यावर तिच्याकडे वळण्याची घाई करू नये. नुकतीच जोडली गेलेली लाइन पुष्कळदा दोन-चार वेळा येते-जाते, आणि प्रत्येक वेळी टनेल इकडून तिकडे उडी मारते. काही मिनिटे सलग चांगली राहिल्यावरच परत फिरावे. तसेच जोडणी जिवंत आहे का हे तपासण्यासाठी पुरवठादाराच्या मोडेमला पिंग (उत्तर येते का पाहण्याची छोटी हाक) करू नये. मोडेम आपल्याच टेबलावर असतो, आणि बाहेरची तार तुटली तरी तो आनंदाने उत्तर देत राहतो. पुरवठादाराच्या जाळ्यापलीकडचे दोन वेगळे पत्ते तपासावेत आणि दोन्ही गप्प झाले तरच जोडणी पडली असे धरावे.

प्रश्न : आमच्या राउटरवर पीपीटीपी प्रकारचे व्हीपीएन फार वर्षांपासून विनातक्रार चालू आहे. ते बदलण्याची खरोखर गरज आहे का?

उत्तर : आहे, आणि लवकर आहे. त्यात नेहमी वापरली जाणारी पासवर्ड पडताळण्याची पद्धत २०१२ साली अशी उघडी पडली की, पकडलेली ओळखपरेड उलगडणे हे डीईएस या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीची एकच किल्ली शोधण्याइतके सोपे ठरले. नुसते एल२टीपी प्रकारचे टनेल वापरणे हाही उपाय नव्हे, कारण त्यात स्वतःचे एन्क्रिप्शन मुळीच नसते. ते आयपीसेकच्या आतच चालवायचे असते. नवी मांडणी करताना आयकेईची दुसरी आवृत्ती, एन्क्रिप्शनसाठी एईएस आणि डेटा बदललेला नाही याच्या पडताळणीसाठी एसएचए-२५६ निवडावे. किल्ल्यांच्या देवाणघेवाणीसाठी २०४८ बिटांचा गट १४ किंवा त्याहून सबळ गट घ्यावा. १०२४ बिटांचा गट २ अजून पुष्कळ यंत्रांत आधीपासून निवडलेला आढळतो, तो सोडावा.

प्रश्न : टनेलच्या नावासमोर हिरवा दिवा दिसतो, दोन्ही राउटर ‘जोडले गेले’ असे सांगतात, परंतु एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयातील संगणकाला साधे पिंगही जात नाही.

उत्तर : हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच की दोन राउटरांचे एकमेकांशी पटले. त्यांच्या मागच्या संगणकांविषयी तो काहीच सांगत नाही. टनेलच्या स्थितीच्या पानावर गेलेली आणि आलेली बाइट्स मोजलेली असतात. तेथून सुरुवात करावी. आपल्याकडून गेलेला आकडा शून्यच असेल तर पॅकेट टनेलमध्ये शिरतच नाही आणि दोष आपल्या बाजूला आहे. गेलेला वाढतो पण आलेला शून्य असेल तर पलीकडे पाहावे.

आपल्या बाजूचा नेहमीचा दोष म्हणजे नॅट. इंटरनेटकडे जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटवर सार्वजनिक पत्ता लावण्याचा नियम टनेलकडे निघालेल्या पॅकेटालाही लागू होतो, पॅकेटाचा मूळ पत्ता बदलतो, आणि मग ते टनेलसाठी ठरवलेल्या सबनेटच्या जोडीत बसत नाही. दोन जोडण्यांच्या राउटरवर नॅटचे नियमही प्रत्येक जोडणीसाठी वेगळे असतात; टनेलला सूट एका नियमात दिली आणि दुसऱ्यात द्यायची राहिली, की पहिल्या जोडणीवर सगळे चालते आणि फेलओव्हर झाल्यावर, म्हणजे दुसऱ्या जोडणीने काम हाती घेतल्यावर, टनेल हिरवे राहूनही मुके होते.

पलीकडच्या बाजूला टनेलमधून येणाऱ्या वाहतुकीला परवानगी देणारा फायरवॉलचा नियम आहे का ते पाहावे, आणि ज्या संगणकाला पिंग करता आहात त्याचा डीफॉल्ट गेटवे तोच राउटर आहे का तेही पाहावे. शेवटी त्या संगणकाची स्वतःची फायरवॉल. विंडोज आपल्या सबनेटबाहेरून आलेल्या पिंगला पुष्कळदा उत्तर देत नाही. राउटरशी दोन दिवस झुंजल्यावर दोष संगणकात निघावा, हे माझ्याही वाट्याला एकदा आलेले आहे. तेव्हापासून मी पहिले पिंग पलीकडच्या राउटरच्या अंतर्गत पत्त्याला करतो, संगणकाला नंतर.

दोन्ही कार्यालयांत १९२.१६८.१.०/२४ हेच सबनेट असेल, तर वरचे काहीच उपयोगी पडणार नाही. पलीकडच्या पत्त्याला निघालेले पॅकेट आपल्याच खोलीतले आहे असे संगणकाला वाटते आणि ते राउटरपर्यंत येतच नाही. दोन्ही सबनेटचे पत्ते टनेलपुरते एकास एक बदलण्याची युक्ती आहे, पण ती तात्पुरती समजावी. एका कार्यालयाचे सबनेट बदलणे हाच टिकाऊ मार्ग होय, आणि बदलताना १०.०.०.०/८ या मोठ्या खासगी पट्ट्यातील एखादा आडवळणाचा तुकडा घ्यावा, म्हणजे उद्या तिसऱ्या शाखेशी किंवा कर्मचाऱ्याच्या घरच्या राउटरशी पुन्हा टक्कर होणार नाही.

प्रश्न : पहिल्या जोडणीवर टनेल उत्तम चालते. दुसऱ्या जोडणीवर पिंग जाते, छोटी पाने उघडतात, पण मोठी फाइल उघडताना सगळे थिजते. दुसरी जोडणी वेगाने कमी नाही. दोष कशाचा असावा?

उत्तर : पॅकेटाच्या आकाराचा. साध्या ईथरनेट जोडणीवर एका वेळी १,५०० बाइट्सचे पॅकेट जाते. आपली दुसरी जोडणी युजरनेम आणि पासवर्ड देऊन सुरू होणारी, म्हणजे पीपीपीओई प्रकारची असेल, तर आठ बाइट्स त्यातच खर्च होतात आणि १,४९२ उरतात. आयपीसेकचे वेष्टन निवडलेल्या पद्धतीनुसार आणखी पन्नास ते ऐंशी बाइट्स घेते. भरलेले पॅकेट मावत नाही तेव्हा वाटेतला राउटर ‘लहान करून पाठवा’ असा आयसीएमपीचा निरोप देतो. परंतु सुरक्षिततेच्या कल्पनेने कोणीतरी आयसीएमपी सरसकट अडवलेला असतो, निरोप पोहोचत नाही आणि पाठवणारा तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. पिंग लहान असल्याने सुखरूप जाते.

मोजमाप सोपे आहे. पॅकेट तोडू नये अशी सूचना देऊन टनेलच्या बाहेर, एखाद्या सार्वजनिक पत्त्याला पिंग करावे. विंडोजमध्ये १,४७२ आकाराचे पिंग गेले तर त्यात २८ बाइट्सचे मथळे मिळवून पूर्ण १,५०० होतात. पीपीपीओईवर १,४६४ पर्यंतच जाईल. मग हाच प्रयोग टनेलमधून करावा आणि जेवढे जाते त्यात २८ मिळवावेत. त्या संख्येतून ४० वजा केल्यावर टीसीपीच्या एमएसएसची, म्हणजे एका पॅकेटात मावणाऱ्या डेटाची मर्यादा मिळते, आणि ती राउटरवर बांधून टाकावी. मोजत बसायचे नसेल तर १,३५० ही मर्यादा बहुतेक ठिकाणी निभावते. मात्र दोन जोडण्या असताना हिशेब नेहमी त्यांतील अरुंद जोडणीचा करावा. अन्यथा फेलओव्हरच्या दिवशीच हा दोष वर येतो, आणि त्या दिवशी आकाराचा विचार कोणाच्याच मनात नसतो.

वायरगार्ड या प्रकारचे व्हीपीएन वापरणाऱ्यांना हा त्रास कमी होतो, कारण त्यात पॅकेटाच्या आकारासाठी आधीच १,४२० हा सावध आकडा धरलेला असतो. पीपीपीओईवर तोही १,४१२ करावा.

प्रश्न : आमची राखीव जोडणी मोबाइल नेटवर्कची आहे. तिच्यावर असताना शाखा आमच्याशी टनेल जोडूच शकत नाही. डायनॅमिक डीएनएस लावूनही उपयोग झाला नाही.

उत्तर : राउटरला त्या जोडणीवर मिळालेला पत्ता पाहावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या पट्ट्यात असेल, तर पुरवठादाराने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे ठेवले आहे. हा पट्टा २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता असेल तरी अर्थ तोच. बाहेरून आलेली हाक अशा राउटरपर्यंत पोहोचणे शक्य नाही, कारण तिला आत सोडायचे की नाही हे आपल्या हातात नसते. डायनॅमिक डीएनएस येथे फार तर इमारतीचा पत्ता सांगेल. दार उघडणार नाही.

म्हणून हाक नेहमी आपल्याकडूनच जावी. शाखेच्या राउटरला ‘फक्त उत्तर देणारा’ करावे, पलीकडचा पत्ता कोणताही चालेल असे लिहावे आणि ओळख पत्त्याऐवजी नावाने किंवा प्रमाणपत्राने पटवावी. येथे एक सापळा आहे. आयकेईच्या पहिल्या आवृत्तीत सामायिक किल्ली वापरताना मुख्य पद्धतीला पलीकडचा पत्ता आधी ठाऊक असावा लागतो. तो बदलता असला की पुष्कळ जण ‘ॲग्रेसिव्ह मोड’ चालू करून मोकळे होतात. त्या पद्धतीत किल्लीपासून काढलेला हॅश (गणिती ठसा) एन्क्रिप्शनविना बाहेर जातो आणि तो पकडणाऱ्याला आपल्या सवडीने घरी बसून किल्लीचा अंदाज लावता येतो. आयकेईची दुसरी आवृत्ती घेतली तर या मोडची गरजच उरत नाही.

मधल्या नॅटने आपली नोंद विसरू नये यासाठी टनेल रिकामे असतानाही थोडी हालचाल लागते. आयपीसेकमध्ये त्यासाठीचा नेहमीचा अवधी वीस सेकंदांचा असतो, तर वायरगार्डमध्ये हे आपण होऊन चालू करावे लागते आणि पंचवीस सेकंद हा सुचवलेला आकडा आहे. मोबाइल डेटाला मर्यादा असेल तर राखीव टनेल कायम उभे ठेवण्याआधी एवढा खर्च गृहीत धरावा. दोन्ही टोके अशा नॅटमागे असतील, तर सार्वजनिक पत्ता असलेले तिसरे यंत्र मध्ये ठेवावे लागेल, किंवा दोन्हीकडे आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) मिळत असल्यास त्यावरून टनेल उभारावे.

प्रश्न : घरून काम करणाऱ्यांनी कार्यालयाच्या कोणत्या जोडणीच्या पत्त्यावर जोडून घ्यावे? एक पडल्यावर त्यांना हाताने पत्ता बदलावा लागू नये, अशी इच्छा आहे.

उत्तर : ओपनव्हीपीएन हा व्हीपीएनचा प्रोग्रॅम असेल तर हे सोपे आहे. वापरकर्त्याच्या फाइलमध्ये दोन्ही जोडण्यांचे पत्ते दोन ओळींत लिहावेत. पहिला उत्तर देत नसेल तर प्रोग्रॅम दुसऱ्याकडे वळतो. मात्र एका पत्त्याची वाट किती सेकंद पाहायची हा आकडा कमी करावा, अन्यथा माणूस कंटाळून फोन करतो. सर्व्हरवर यूडीपी वापरत असाल तर ज्या पत्त्यावर विचारणा आली त्याच पत्त्यावरून उत्तर देण्याचा ‘मल्टिहोम’ पर्याय चालू करावा, आणि त्याच्या जोडीला पहिल्या उत्तरात सांगितलेली वाटेची व्यवस्थाही हवीच. वायरगार्डमध्ये एका टोकाला एकच पत्ता लिहिता येतो, आणि नाव लिहिले तरी त्याचा पत्ता सुरुवातीलाच विचारला जातो. तेथे दोन वेगळ्या जोडण्या करून ठेवणे आणि कोणती केव्हा चालू करायची हे लोकांना आधीच दाखवणे बरे.

प्रश्न : दोन जोडण्या असल्याने टनेलचा वेग दुप्पट होतो का?

उत्तर : एका टनेलचा होत नाही, ते एका वेळी एकाच जोडणीवरून जाते. दोन टनेलवर वाहतूक वाटली तर अनेक जणांना मिळून फायदा होतो, पण एकट्याची एक फाइल एकाच वाटेने जाणार. पॅकेटागणिक वाटणी करण्याच्या मोहात पडू नये, कारण दोन वाटांवरून पॅकेटे मागेपुढे पोहोचतात. त्याने टीसीपी मंदावतो, आणि एकच टनेल दोन वाटांवर पसरले असेल तर फार मागे पडलेले पॅकेट जुने समजून टाकूनही दिले जाते. शिवाय बऱ्याच लहान राउटरांत कमाल वेग जोडणी ठरवत नाही, प्रोसेसर ठरवतो. यंत्राच्या माहितीपत्रकात फायरवॉलचा वेग आणि व्हीपीएनचा वेग वेगळा दिलेला असतो. दुसरा आकडा पाहून खरेदी करावी.

प्रश्न : सगळी मांडणी झाल्यावर ती वेळेला खरोखर चालेल, याची परीक्षा कशी घ्यावी?

उत्तर : राउटरमधून केबल काढून घेतलेली परीक्षा फार सोपी असते, कारण केबल निघताच राउटरला लगेच कळते. खरी जोडणी अशी पडत नाही. दिवा चालूच असतो आणि पलीकडे मात्र काही नसते. म्हणून राउटर आणि मोडेम यांच्यामधील केबल तशीच ठेवून मोडेमकडे बाहेरून येणारी तार काढावी. त्याआधी टनेलमधून एक मोठी फाइल कॉपी करायला लावावी आणि पलीकडच्या संगणकाला सतत पिंग चालू ठेवावे. किती पिंग हरवले ते मोजावे, मग तार परत जोडून परतीच्या प्रवासातही तेच मोजावे. नंतर हीच परीक्षा दुसऱ्या कार्यालयातून घ्यावी, आणि ती कामाच्या वेळेबाहेर, पण दोन्ही ठिकाणी एक एक माणूस हजर असताना घ्यावी. कारण दूरच्या राउटरमध्ये टनेलमधूनच शिरून बदल करताना टनेल तुटले, तर तेथे जाऊन तो बदल मागे घेण्यावाचून गत्यंतर राहत नाही.